गाडीच्या खिडकीतला सोनगड

सुरतेत तीन पिढ्या गेल्या तरी एक प्रश्न आपल्याला चुकत नाही, "तमे मूळ क्यांना?" उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या आपल्या खान्देशी घरांचं उत्तर ठरलेलं: नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. आमचे आबा मात्र म्हणायचे, "आधी सोनगड पाहून या, मग विचारा."

आबा 1971 साली लूमवर कामाला आले. दर दिवाळीला पॅसेंजरने गावी जाताना व्यारा मागे पडलं की मला खिडकीशी ओढायचे, "दख, गायकवाडस्ना गड!"

सेनापती खंडेराव दाभाड्यांचे सरदार पिलाजीराव गायकवाड आधी नवापूरला होते. तिथे जम बसेना, म्हणून 1719 च्या सुमारास त्यांनी ही टेकडी घेतली. खान्देशातून सुरतेकडे जाणारी वाट इथून राखता येई. 1732 मध्ये डाकोरला पिलाजींचा खून झाला. 1734 मध्ये दमाजीरावांच्या काळात बडोदे कायमचं हाती आलं. बडोद्याची गादी सगळ्यांना माहीत, पण तिचं पहिलं घर हे. नवापूर-सोनगड-सुरत ही आपली वाट रेल्वेपेक्षा जुनी आहे.

1 मे 1960 ला दोन राज्यं झाली. नवापूर स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सोनगड सुरत जिल्ह्यात राहिलं, 2007 पासून तापी जिल्ह्यात आहे.

मागच्या वर्षी भाच्याला कॉलेजात कुणीतरी "बाहेरचे" म्हणालं. पोरगं दोन दिवस जेवलं नाही धड. त्याला घेऊन गड चढले. वर देवीचं मंदिर, दर्गा, पडकी तटबंदी, लांबवर उकाईचं पाणी. तो एकदम खुलला, "मावशी, म्हणजे तीनशे वर्षांपासून हे आपलंच!"

मी म्हटलं, थांब. ही टेकडी रिकामी नव्हती. ती इथल्या भिल्ल-मेवाशांकडून घेतलेली. खाली बाजारात भेटतात ते गामित, वसावा, चौधरी आपल्याही आधीचे. पुढे सयाजीराव महाराजांनी याच सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृहाची शाळा काढली, तेही लक्षात ठेव.

आपण इथे पाहुणे नाही, पण मालकही नाही. आलो, राबलो, राहिलो. कुणी विचारलं तर एवढं उत्तर पुरे, आणि ते मान वर करून द्यावं.

सुरतेहून 80-85 किलोमीटर आहे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. उन्हाच्या आधी चढा, पाणी बरोबर ठेवा, आणि गोष्ट पूर्ण सांगा.