चढणीचे मासे

आमचे गाव वडूज. गावाजवळून येरळा नदी वाहते. वाहते म्हणजे पावसाळ्यात. आमचा खटाव तालुका दुष्काळी आहे. म्हणून उन्हाळ्यात नदीत नुसती वाळू आणि कुठं कुठं डबकी असतात. खालच्या अंगाला येरळवाडीचे धरण आहे. पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ येरळा कृष्णेला मिळते.

पहिला मोठा पाऊस झाला की नदीला आणि ओढ्याला गढूळ पाणी येते. मग खालचे मासे उलटे वर चढू लागतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. पुष्कळ मासे बोटाएवढेच असतात. धार पडते तिथे ते उड्या मारतात. मग पोरं आणि मोठी माणसंसुद्धा बुट्टी, फडकी, जुनी लुगडी घेऊन पळतात. आम्हीपण जातो.

घरी आणलेल्या माशांना आज्जी चुलीतली राख लावते. राखेने मासा हातातून निसटत नाही. खवले काढून, पोट साफ करून ती मासे तीन पाण्यांनी धुते. हळद, मीठ, चटणी, ठेचलेला लसूण लावते. मग ज्वारीच्या पिठात घोळून तव्यावर कुरकुरीत तळते. बारीक मासा काट्यासकट खायचा. बाई सांगतात, त्याने हाडे मजबूत होतात. आमच्या घरी मटण जत्रेलाच असते. हे मासे फुकट मिळतात. त्या दिवशी सगळे पोटभर जेवतात.

गेल्या साली एका माशाचे पोट फुगलेले होते. त्यातून पिवळी गाभोळी निघाली. मी ताटलीत काडीने अंडी मोजायला बसलो. दोनशेपर्यंत मोजली आणि कंटाळलो. निम्मीसुद्धा झाली नव्हती. मी विचारले, "आबा, एवढी सगळी पिल्लं झाली असती व्हय?" आबा म्हणाले, "सगळी न्हाईत रं. पण चार जगली तरी एकाचं चार झालं असतं. मासा चढतो तो अंडी घालायलाच."

१९७२ च्या दुष्काळात आबा माझ्याएवढे होते. तेव्हा नदी आटली, पण पुढे पाऊस झाल्यावर मासे परत आले. आता पाऊस होऊनही मासे कमीच दिसतात, असे आबा म्हणतात. कारण लोक ओढ्याला मच्छरदाणीचे कापड आडवे लावतात. त्यातून पिल्लूसुद्धा सुटत नाही.

डबक्यात आता चिलापी जास्त सापडते. चिलापी मूळची आफ्रिकेतली. आपल्या देशात ती १९५२ साली आणली. तिची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. म्हणून ती वाढत जाते. आपल्या बारीक माशांना असे करता येत नाही. ते उथळ पाण्यात अंडी सोडून जातात.

बाईंनी वर्गात सांगितले की आपल्या राज्यात समुद्रावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. तो माशांचा अंडी घालण्याचा काळ असतो. आणि आम्ही ओढ्यावर नेमके त्याच दिवसांत जातो!

यंदा काकांनी मच्छरदाणीचे कापड आणले. आबा म्हणाले, "ते लावायचं न्हाई. ताटापुरतं धरा." काका म्हणाले, "आपण सोडलं तर दुसरा धरणारच की." आबा गप्प बसले. मला आबांचे पटले आणि काकांचेही खरे वाटले. एकट्या आमच्या घराने मासे सोडून उपयोग नाही.

म्हणून मी हे भिंतीवर लिहीत आहे. मासे धरूच नका असे मी म्हणत नाही. मलाही ते फार आवडतात. पण मच्छरदाणी लावू नका. पोट फुगलेला मासा जिवंत असेल तर पाण्यात सोडा. आणि ओढ्याची एक बाजू मोकळी ठेवा, म्हणजे काही मासे तरी वर जातील. मुलांनो, हे आपापल्या घरी सांगा. माझ्या काकांना मी सांगणार आहे.

— इयत्ता चौथी