लोलेइच्या दारावरची नावं

गोव्यातला माणूस सूर्यास्त बघायला पैसे खर्चून परदेशी जातो, हे ऐकून आमच्या कचेरीत बराच हशा पिकला. पणजीत कचेरी सुटली की मिरामार दहा मिनिटांवर आणि तिथे रोजचा सूर्य फुकट बुडतो. पण माझ्या मित्राचा बॅंकॉकहून एकसारखा लकडा होता. तो तिथल्या एका हॉटेलात हिशेबनीस आहे, बारा वर्षं झाली. "तू कंबोडियाला ये, मी इथून येतो, तीन दिवस देवळं बघू," असं तो चार वर्षं म्हणत होता. शेवटी 2024 च्या जानेवारीत योग आला. सरकारी नोकराला खासगी परदेश प्रवासालाही ना हरकत दाखला लागतो. तो मिळवायला जेवढे दिवस लागले त्याच्या पावपटीतही माझा प्रवास झाला नाही. असो.

आम्ही एका गावचे. एकाच प्राथमिक शाळेत, एकाच बाकावर. फरक एवढाच की आमचं घराणं गावच्या देवळाचं महाजन आणि त्याचं सेवेकरी. त्याचे वडील देवळात सनई वाजवायचे. चाळीस वर्षं वाजवली. लहानपणी हा त्यांच्या मागे बसून सूर धरायचा, म्हणजे एकच स्वर न थांबता फुंकत राहायचा. गाल दुखतात म्हणून शाळेत तक्रार करायचा आणि आम्ही हसायचो. 2022 साली ते वारले. त्यानंतर देवळात विजेवर चालणारं नगारा-घंटेचं यंत्र आलं, आणि हा देवळात जायचा बंद झाला. सुट्टीत गावी येतो, तळीवर बसतो, आमच्याकडे जेवतो. देवळाची पायरी मात्र चढत नाही.

मी निघालो तेव्हा माझ्याकडे एक निरोप होता. देवळाचा जीर्णोद्धार होऊ घातला आहे. सभामंडपात जुन्या वस्तूंचं एक कपाट करायचं आहे, त्यात ती सनई ठेवावी असं समितीला वाटतं, तर तुझ्या मित्राला विचार. निरोप साधा होता. पण पहिले दोन दिवस तो काही माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

अंगकोरबद्दल शाळेच्या पुस्तकात होतं तेवढंच मला माहीत होतं. जायच्या आधी थोडं वाचलं, तेव्हा एक गोष्ट सापडली ती आम्हा गोवेकरांनी लक्षात ठेवावी अशी. 1586 च्या सुमारास आंतोनियु द मादालेना नावाचा पोर्तुगीज कापुचिन धर्मगुरू अंगकोरला गेला. ते बांधकाम लेखणीने सांगता येण्यासारखं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने ही हकीगत सांगितली दियोगु द कोउतु या इतिहासकाराला. हा कोउतु म्हणजे जुन्या गोव्यातला दप्तरखान्याचा प्रमुख. आपल्या पणजीतल्या पुराभिलेख खात्याची सुरुवात 1595 सालची मानतात, ती त्याच्यामुळेच. मादालेना 1589 साली आफ्रिकेच्या नाताळ किनाऱ्याजवळ जहाज फुटून गेला. कोउतुने लिहिलेलं टिपण हस्तलिखितातच पडून राहिलं, आणि 1958 साली फ्रेंच अभ्यासक ग्रोलिए यांच्या पुस्तकातून जगापुढे आलं. म्हणजे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ फाईल प्रलंबित. आमच्या कचेरीतही हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

गंमत सोडली तर मनाला लागतं ते वेगळंच. तिसवाडीतली देवळं 1540 पासून पाडली गेली, साष्टीतली 1567 च्या सुमारास. देव डोक्यावर घेऊन आपले पूर्वज नदीपलीकडे गेले. आणि त्याच गोव्यात बसून एक सरकारी लेखनिक दूरच्या एका देवळाचं वर्णन अचंब्याने लिहून ठेवत होता.

अंगकोर वाटचं वर्णन मी करत बसत नाही, ते सगळीकडे मिळेल. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेलं विष्णूचं देऊळ, आता बौद्धांचं. तोंड पश्चिमेला. भोवतीचा खंदक एवढा रुंद की आमच्याकडे त्याला नदीच म्हणतील. पूर्वेच्या पडवीत समुद्रमंथन आहे. 92 असुर, 88 देव, आणि जवळजवळ पन्नास मीटर लांब एकच दृश्य. वासुकीला धरून सगळे एका लयीत मागे कललेले. शिगम्यात रोमटामेळ पाहिलेल्या माणसाला ती लय लगेच कळते. मी मात्र सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो तो दक्षिणेच्या पडवीत. तिथे रेड्यावर बसलेला यम आहे, आणि त्याच्याजवळ पाप-पुण्याची नोंद ठेवणारा चित्रगुप्त. आमच्या खात्याचा मूळ पुरुष! मित्र म्हणाला, "पाया पड. बढती मिळेल."

पश्चिमेच्या गोपुरात अनेक हातांची विष्णूची उंच मूर्ती आहे. तिथले लोक तिला ता रीच म्हणतात आणि आजही उदबत्ती, फुलं, फळं ठेवतात. एक बाई डोक्यावरून बाजाराची टोपली उतरवून तिथे बसली, दोन मिनिटं काहीतरी पुटपुटली आणि उठून गेली. मित्र तिच्याकडे बघत होता. काही बोलला नाही.

देवळांचा वालुकाश्म कुलेन डोंगरातून आणलेला. पण कोट, पाया, आतला भराव बहुतेक ठिकाणी चिऱ्यांचा. हो, आपलाच तो लाल, भोकाभोकांचा चिरा! पावसाने काळा पडलेला, वर शेवाळ. तो कोट पाहिल्यावर परदेशात आल्याची जाणीवच गेली. जणू फोंड्यातल्या कुठल्यातरी जुन्या घराच्या गडग्याला टेकून उभे होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी रोलुओसला गेलो, सिएम रीपपासून पंधरा किलोमीटरवर. तिथलं लोलेइ हे देऊळ प्रवासी कंपन्यांच्या यादीत खालच्या बाजूला असतं. विटांचे चार मनोरे, शेजारी नांदता बौद्ध मठ, दोरीवर वाळत घातलेली भिक्षूंची भगवी वस्त्रं. आम्ही दोघे सोडून तिथे कोणी नव्हतं. देऊळ 893 सालचं, पहिल्या यशोवर्म्याचं. त्याच्या बापाने, म्हणजे इंद्रवर्म्याने, जवळजवळ चार किलोमीटर लांबीचा तलाव हाती घेतला होता. मुलाने तो पुरा केला आणि मधल्या बेटावर हे देऊळ बांधलं. चार मनोरे चौघांसाठी: वडील, आई, आणि आईचे आईवडील. आता तलाव आटला आहे, तिथे भातशेती आहे. बेट म्हणावं असं काही उरलेलं नाही.

मनोऱ्यांच्या दारांच्या दगडी चौकटींवर लेख आहेत. अक्षरं बारीक, एकसारखी, ओळी सरळ. मला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही, पण जुन्या रजिस्टरातला नीटस हात मी ओळखतो. ज्याने हे कोरलं त्याला कामाची सवय होती.

त्या काळच्या कंबोडियातल्या शिलालेखांची एक रीत आहे. देवाची आणि राजाची स्तुती करायची ती संस्कृतात, छंदोबद्ध. जमीन, भांडी, तांदूळ, माणसं यांची नोंद करायची ती ख्मेर भाषेत, साध्या गद्यात. आणि माणसांची नोंद म्हणजे नुसती संख्या नाही. लोलेइच्या चौकटींवर देवळाला दिलेल्या सेवकांची नावं आहेत. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, वाजवणारे, तांदूळ कांडणाऱ्या, शेतावर राबणारे. आणि त्यांची कामाची वाटणी पंधरवड्यांप्रमाणे केलेली, शुक्ल पक्षातले हे आणि कृष्ण पक्षातले ते. आमच्या बरोबरचा वाटाड्या हे मोडक्या इंग्रजीत सांगत होता. 'पंधरवडा' हे समजल्याबरोबर मित्र माझ्याकडे वळला.

"पाळी," तो म्हणाला.

पाळीच ती. आपल्या देवळांत अजूनही असते तीच.

या सेवकांना इतिहासकार बहुधा गुलाम म्हणतात, तेव्हा त्यांच्या आयुष्याबद्दल फार गोड कल्पना करून घेण्यात अर्थ नाही. अशा ख्मेर लेखांत काहींची नावं छान संस्कृत वळणाची असतात, तर काहींची कुत्रा, मांजर, किळसवाणा अशा अर्थाची. ती मालकांनी तुच्छतेने ठेवली की आपल्याकडच्या दगडू, धोंडू, केरूसारखी आईबापांनी दृष्ट लागू नये म्हणून, कोण सांगणार. पण अकराशे वर्षं ती नावं दारावर आहेत. आत जाणाऱ्या प्रत्येकाला, राजालासुद्धा, त्यांच्यामधूनच जावं लागलं असणार.

ता प्रोमला आदल्या दिवशी जाऊन आलो होतो. झाडांची मुळं भिंतींवर चढलेली, ते सगळे फोटो काढतात ते देऊळ. तिथल्या 1186 च्या शिलालेखात आकडे आहेत: 18 मुख्य पुजारी, 2,740 अधिकारी, 615 नर्तकी, आणि पोसायला नेमून दिलेल्या गावांतली मिळून 79,365 माणसं. तो लेख संस्कृतात आहे आणि त्यात आकड्यांचा थाट आहे. ऐकताना आम्हालाही भारी वाटलं होतं. लोलेइला आल्यावर ते 615 थोडे पोकळ वाटायला लागले.

मित्र एका चौकटीपुढे बराच वेळ उकिडवा बसून होता. मी मठाच्या बाजूला जाऊन नारळाचं पाणी प्यालो. परत आलो तरी तो तिथेच.

संध्याकाळी फ्नोम बाखेंगवर गेलो. हाही डोंगर त्याच यशोवर्म्याचा. लोलेइनंतर त्याने राजधानी इकडे हलवली आणि डोंगरमाथ्यावर शिवाचं पाच टप्प्यांचं देऊळ बांधलं. सूर्यास्तासाठी हेच ठिकाण प्रसिद्ध. एका वेळी वर तीनशेच माणसं सोडतात, गळ्यात बिल्ला अडकवून. आम्ही साडेतीनलाच जाऊन जागा धरली होती. साडेपाचपर्यंत पश्चिमेच्या कठड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे फोन वर. दूर पश्चिम बारायच्या पाण्याची पट्टी पिवळी होत गेली.

खरं सांगायचं तर सूर्यास्त आपल्यासारखाच होता. धुरकट हवेत सूर्य खाली येता येता तांबूस झाला आणि क्षितिजाला टेकण्याआधीच विरून गेला. मिरामारला तो पाण्यात बुडतो तरी.

मित्र पश्चिमेला बघतच नव्हता. तो पूर्वेच्या बाजूला जाऊन बसला होता. तिकडे एकही माणूस नव्हता. मी त्याच्याजवळ गेलो तेव्हा कळलं. तिथून खाली, साधारण दीड किलोमीटरवर, रानातून वर आलेले अंगकोर वाटचे मनोरे दिसत होते आणि मावळतीचा सगळा उजेड त्यांच्यावर पडला होता. पाच-सात मिनिटंच. आधी मधासारखा, मग करडा.

"बाबांची सांजेची पाळी ह्याच वेळेची," तो म्हणाला. "दिवा लागायच्या आधी. माझा सूर तुटला तर मागे न बघता डाव्या हाताने चापट मारायचे. वाजवणं थांबवायचे नाहीत."

मग मी निरोप सांगितला. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग एकच प्रश्न विचारला. "खाली काय लिहिणार?"

मला ठाऊक होतं. समितीने मजकूर केला होता: 'देवस्थानातील जुनी वाद्ये'. मी सांगितला.

"त्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं आहेत ना? रकमेसकट?"

"आहेत."

"तुझ्या आजोबांचं आहे."

"आहे."

हे त्याने रागाने विचारलं नाही. फाईलमधला कागद पडताळून बघतात तसं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्याला ते नकोही होतं. आजोबांनी पैसे दिले होते हे खरं, आणि ह्याच्या बाबांनी चाळीस वर्षांच्या संध्याकाळी दिल्या हेही खरं. एकाची नोंद झाली. यात नवल वाटावं असं आपल्याकडे कोणाला काही वाटत नाही.

बिल्ले गोळा करणारा माणूस शिट्टी वाजवत आला. लोक उतरायला लागले. मित्र उठला, पॅंटची धूळ झटकली आणि कोकणीत म्हणाला, "दितां. पूण नांव बरय. आनी पाळी बरय."

मग उतरताना, लाकडी पायऱ्यांवर पाय जपून टाकत, त्याने मला सगळं नीट सांगितलं. बाबांचं पूर्ण नाव. सोमवार आणि गुरुवार सांजेची पाळी. शिगम्याचे पाच दिवस. जत्रेला पालखीपुढे. मागे सूर धरायला त्यांचा धाकटा भाऊ, ते वारल्यावर मुलगा. मुलाचं नाव नको म्हणाला. मग खाली पोचल्यावर म्हणाला, "घाल, चालेल."

खाली अंधारात टुकटुकच्या रांगा होत्या. रस्त्यावर केळी भाजत होते, ती आम्ही खाल्ली. दुसऱ्या दिवशी तो बॅंकॉकला गेला आणि मी गोव्याला आलो.

मजकूर मी घरी येऊन टंकला आणि अर्जासोबत समितीकडे दिला. पाच ओळी झाल्या. काहींचं म्हणणं पडलं की कपाटातल्या इतर वस्तूंखाली एकेकच ओळ आहे, मग इथे पाच कशा? एकाने विचारलं, पाळीचा उल्लेख कशाला, नाव पुरे. मी सांगितलं, मजकूर एकत्रच आहे, तुकडा करता येणार नाही. विषय पुढच्या सभेवर गेला आहे. विषयपत्रिकेत सातवा आहे. सहावा विषय विजेच्या नगाऱ्याच्या दुरुस्तीचा आहे.

सनई अजून त्याच्या घरी, बाबांच्या खोलीत, जुन्या पंच्यात गुंडाळून ठेवलेली आहे. किल्ली माझ्याकडे असते. पावसाळ्यात दोनदा जाऊन मी ती उन्हात ठेवून आलो.