हातचा एक

नऊ एकांना नऊ एकांनी गुणलं की १२३४५६७८९८७६५४३२१ येतात. हा अण्णांचा हुकमी खेळ. पाहुण्यांचा चहा झाला की ते पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडायचे: एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मग उभी बेरीज. एक, दोन, तीन करत नऊपर्यंत चढायचं आणि तसंच उतरायचं. आम्ही डोंबिवलीचे, त्यामुळे शेवटी हेही यायचंच: देवळालीच्या शाळेतले गणिताचे मास्तर द. रा. कापरेकर, त्यांना या संख्या आपल्याच स्टेशनात सुचल्या, म्हणून त्यांनी स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून त्यांना 'डेम्लो' म्हटलं. अण्णा हे अशा थाटात सांगत, जणू तेव्हा फलाटावर तेही उभे होते.

मी सातवीत असताना एका रविवारी त्यांच्या ऑफिसातले साहेब आले. त्यांनी विचारलं, "आणि दहा एक घेतले तर?"

"मग मध्ये दहा," अण्णा म्हणाले. "आठ, नऊ, दहा, नऊ, आठ."

मी आत वहीत करून पाहिलं. मधल्या घरात दहा. शून्य लिहिलं, हातचा एक. पुढच्या घरात नऊ आणि हातचा, पुन्हा दहा. पुन्हा शून्य, हातचा एक. त्यापुढच्या आठाचा नऊ झाला आणि गाडी थांबली. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब.

वही घेऊन मी बाहेर गेलो. "अण्णा, चुकलं तुमचं."

साहेबांनी पडताळून पाहिलं आणि मोठ्यानं हसले. "अहो, तुम्ही अकौंट्समधले, आणि हातचा विसरलात?"

अण्णाही हसले. मात्र त्यानंतर त्यांनी तो खेळ कधी केला नाही. हे माझ्या लक्षात यायलाही वर्ष गेलं. मी माझ्याच कौतुकात होतो.

पुढे इंदूरला नोकरी करताना कळलं, की अण्णांच्या त्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि तिला ८१ नं नि:शेष भागही जातो. भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. इथेही आठ नाही! एक भागिले ८१ केलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं अखंड चालतं, त्यातही आठ नाही. कारण तेच. एक नवमांश म्हणजे ०.१११..., त्याचा वर्ग म्हणजे कधीच न संपणाऱ्या एकांचा तोच गुणाकार. दहावर पोचलं की हातचा मागे सरकतो, नऊचा शून्य करतो, आठाचा नऊ.

अण्णांना फोन केला. म्हटलं, एकाला एक्याऐंशीनं भागून पाहा. कशासाठी ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला. "आठ येत नाही."

"हो."

"हातच्यामुळे."

"हो, अण्णा."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब गेले रे, गेल्या महिन्यात."