पातूरचा घाट

मुंबईकर शनिवारी पाठीला पिशवी लावून राजमाची गाठतात. आम्हां वऱ्हाडकरांना डोंगर कुठला, अशी माझी समजूत! माघात एकदा अकोल्याहून एस.टी.ने पातूरला उतरलो आणि वाशिमच्या वाटेने पायी घाट चढू लागलो. अजिंठ्याच्या रांगेचा हा चढ दिसायला साधा; पण दोन तासांतच पोटऱ्या बोलू लागल्या. रात्री मेडशीला देवळात पथारी पसरली. शेजारचे म्हातारबुवा हसले, "गुरुजी, येवढ्यातच थकले काय?"

शेगावची पालखी ज्येष्ठात याच वाटेने शिरपूर, रिसोड करीत पंढरपूरला जाते. बुवा दर साल तिच्याबरोबर महिनाभर चालतात, तेही साध्या वहाणांनी! पहाटे शिरपूरची वाट धरली, तेव्हा पोटऱ्यांची तक्रार सांगायला तोंडच उरले नव्हते.