सही, अंगठा आणि मौन

श्रावणातील एका सोमवारी बिंद्राबीनच्या ताडकेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही साकरतोडच्या काठाने सिल्वासास परतलो, तो आमच्या कचेरीत दोघेजण वाट पाहत बसलेले. एक आमचा भाचा, आणि दुसरी खानवेलकडची एक वृद्ध वारली बाई. भाचा खुर्चीवर, बाई दाराजवळच्या बाकावर. भाच्यास घाई होती, बाईस नव्हती. म्हणून जगरहाटीप्रमाणे आम्ही आधी भाच्यास पुढे घेतले.

भाचा येथील पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यात अभियंता आहे. बुद्धिमान आणि वाचनाचा नादी. त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे एक नोटीस स्वतःच रचून आणली होती. तीत म्हटले होते की, आपण जन्मतः सार्वभौम व्यक्ती असून शासनाशी जाणूनबुजून कोणताही करार केलेला नाही. आधार, पॅन, मतदारपत्र इत्यादी कागद म्हणजे अजाणतेपणी घडलेले करार होत, आणि ते सर्व आजपासून आपण रद्द करीत आहोत. "मामा, भाषा तेवढी कायद्याची करून द्या," एवढेच त्याचे मागणे होते.

आम्ही हसलो नाही. असे म्हणणारे लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत, आणि तेथील न्यायालये त्यांचे म्हणणे वारंवार फेटाळीत आली आहेत. पण इतके दूर कशास जावे? आमच्या शेजारच्या तापी जिल्ह्यात व्यारा तालुक्यातील कटासवाण येथे ज्याचे मूळ स्थान, त्या सती-पती पंथाचे कित्येक आदिवासी अनुयायी मतदारपत्र आणि सरकारी सवलती नाकारतात. भूमी मूळची आमची, मग तिच्यावर राहण्यासाठी करार कोणाशी करावयाचा, असा त्यांचा सवाल असतो. कायद्यापुढे तो टिकत नाही हे खरे. परंतु पगारदार अभियंत्याच्या तोंडी हाच सवाल जितका हलका वाटतो तितका तो त्यांच्या तोंडी वाटत नाही, हे आम्हांस कबूल केले पाहिजे.

भाच्यास आम्ही विचारले, "तू ज्या भूमीवर ही नोटीस लिहिलीस, तिचाच करार तुला ठाऊक आहे काय?" त्याला ठाऊक नव्हता. तो येथे थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण करारात मनुष्य काय देतो आणि काय राखतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी सापडलेले नाही.

१७७९ च्या डिसेंबरात पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मैत्रीच्या मोबदल्यात दरबाराने दमणजवळची वर्षाकाठी १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांस देण्याचे मान्य केले, आणि १७८३ व १७८५ मध्ये ती त्यांच्या स्वाधीन झाली. दरबाराने स्वखुशीने केलेला हा करार होता. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगरहवेली मुक्त केल्यावर, पोर्तुगालने हिंदुस्थानास हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. तेव्हा न्यायमूर्तींपुढे या जुन्या सनदांचा कीस काढला गेला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालय म्हणाले की, मराठ्यांनी दिला तो केवळ सरंजाम होता, म्हणजे वसूल खाण्याचा हक्क. राज्याधिकार त्यांनी दिलाच नव्हता. पेशवाईचे कागद वाचणाऱ्यास यात नवल नाही. सरंजाम म्हणजे राज्य नव्हे, हे आमच्याकडे पोरासही कळत असे.

मग पोर्तुगीज येथे सार्वभौम झाले कसे? न्यायालयाने तेही सांगितले आहे. मराठ्यांचे राज्य गेल्यावर इंग्रज आले. त्यांना या गावांत पोर्तुगीज पूर्ण अंमल गाजविताना दिसले. त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांच्या मागून आलेल्या स्वतंत्र भारतानेही आरंभी ती घेतली नाही. सनदेने जे दिले नव्हते ते मौनाने दिले गेले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांस आणि सामान्य मालास १९५४ साली जाण्यायेण्याचा हक्क होता, सशस्त्र दळास नव्हता, आणि भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केला नाही, असा तो निकाल झाला व प्रकरण आमच्या बाजूने निभावले. परंतु त्यातही एक मौज आहे. भारत त्या न्यायालयापुढे मुळी ओढला गेला तो १९४० साली इंग्रज अमदानीत केलेल्या एका स्वेच्छेच्या घोषणेमुळे. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि तिसऱ्याच दिवशी दावा लावला! भारताने आपली घोषणा बदलली ती पुढच्या जानेवारीत. तोवर दावा दाखल होऊन चुकला होता. राष्ट्रासारख्या राष्ट्राची ही गत, तर भाच्याच्या नोटिशीने मागील सह्या पुसल्या जातील ही आशा व्यर्थ आहे.

भाचा म्हणाला, "मग मौन हेच खरे पाप; म्हणूनच मी बोलतो आहे." त्याच्या या उत्तराने आम्हांस आमचे आजोबा आठवले.

आजोबा मूळचे पेडण्याचे. मुक्तीनंतर ते शिक्षक म्हणून येथे आले आणि येथलेच झाले. १९५४ पासून १९६१ पर्यंत हा मुलूख पोर्तुगालचाही नव्हता आणि रीतसर भारताचाही नव्हता. वरिष्ठ पंचायतीच्या सल्ल्याने कारभार चाले. १२ जून १९६१ रोजी त्या पंचायतीने भारतात विलीन होण्याचा ठराव केला. करारावर सही करावयास राज्याचा प्रमुख हवा, म्हणून प्रशासनावर असलेले भारतीय सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते प्रमुख करण्यात आले, आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर करार केला. आजोबा ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणत, "सगळ्या मुलखाची सही एका माणसाने केली, आणि ती मला पटली, पण माझी स्वतःची सही कोणी मागितलीच नाही."

ती मागितली गेली नाही हे अक्षरशः खरे आहे. आजोबांचा जन्म गोव्यातला. त्यामुळे २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाप्रमाणे ते २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक ठरले. ज्यास पूर्वीचे नागरिकत्व राखावयाचे असेल त्याने एका महिन्यात तसे लेखी द्यावे, अशी मुभा होती. नकार देण्यास कागद होता. होकार देण्यास नव्हता. आजोबा आनंदाने भारतीय झाले, तथापि तो महिना त्यांच्या मनात आयुष्यभर सलत राहिला. ते म्हणत, "जन्मात पहिल्यांदा सरकार माझ्या उत्तराची वाट पाहत होते, आणि मला द्यावयाचे ते उत्तर लिहून घ्यावयास कोणी नव्हते."

त्याच महिन्यात गोव्यातील फादर मोंतेरो यांनी मात्र लिहून दिले. त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले, आणि पुढे परकी नागरिक म्हणून राहण्याची मुदत वाढवून मागण्याचे नाकारले. ज्या भूमीत जन्मलो तेथे राहण्यास परवाना कशाचा, ही त्यांची भूमिका. खटला झाला, शिक्षा झाली, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांचे राजकीय मत आम्हांस कधीच मान्य होण्यासारखे नव्हते. पण विचारलेल्या प्रश्नास स्वतः उत्तर देऊन त्याची किंमत स्वतः मोजणाऱ्या माणसाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. हल्ली अशी मुदत पुन्हा एकदा आली आहे, पण फार थोड्यांस ती ठाऊक असते: लहानपणी आधार काढलेले मूल अठरा वर्षांचे झाले की सहा महिन्यांत ते रद्द करून मागू शकते. भाच्याने या कलमाविषयी ऐकलेही नव्हते, आणि त्याचे वय तर केव्हाच उलटून गेले होते.

आमच्या वाचकांपैकी जे गोव्यातील देवस्थानांचे महाजन असतील त्यांना असा व्यवहार नवा नाही. १९३३ च्या माझानी नियमावलीप्रमाणे देवालयाची घटना सरकारपुढे मांडून मंजूर करून घ्यावी लागते, आणि त्या घटनेस शब्द आहे ‘कोंप्रोमिस्’, म्हणजे दिलेले वचन. त्यामुळे देव सरकारचा झाला असे कोणी महाजन म्हणत नाही. महाजनांची नोंदवही आणि हिशेब मामलेदारास दाखवावे लागतात. पूजा कोणती आणि पालखी कोणत्या तिथीस, हे महाजनच ठरवितात. कोणती गोष्ट दिली आणि कोणती राखली, हे आमच्या पूर्वजांनी ओळ न ओळ वाचून ठरविले होते. (देवस्थानच्या सभांमधील भांडणे पाहता ते अजूनही वाचतात, याविषयी शंका नको!)

राहिला प्रश्न सामान्य माणसाचा. सरकारला लिहून दिले की सारे गेले, असे आपले कायदेशास्त्र मानीत नाही. १९८१ साली मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांनी उच्च न्यायालयात कबूल केले होते की पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्हांस नाही, आणि ठरल्या मुदतीनंतर झोपड्या पाडण्यास आम्ही आडवे येणार नाही. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा महापालिकेने तीच कबुली पुढे केली. १९८५ च्या त्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी सांगितले की, राज्यघटनेने दिलेला हक्क अशा कबुलीने सुटत नाही. तो केवळ त्या माणसाच्या लाभाकरिता नसून साऱ्या समाजाकरिता आहे. हे आम्ही भाच्यास मोठ्या उत्साहाने सांगितले. पण त्याच निकालात झोपड्या हटविण्याचा पालिकेचा अधिकारही, पावसाळ्यानंतरची मुदत देऊन, उचलून धरला गेला, हेही सांगणे प्राप्त होते. हक्क शाबूत राहिला, छप्पर राहिले नाही.

बाकावरची बाई हे सारे ऐकत होती की नाही, कोण जाणे. आमचे तिच्याकडे पाहण्याचे टाळणे चालले होते, त्याचे कारण आता लिहून टाकतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, आमची वकिली नवी असताना, एका रस्त्याच्या रुंदीकरणात तिच्या शेताची एक पट्टी जात होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात संमती-निवाड्याची सोय होती: ठरलेला दर मान्य करावा, पैसे लवकर मिळावे, मात्र मग वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाता येत नसे. ती आमच्याकडे आली होती. आम्ही कागद वाचून दाखविला, गुजरातीत, चहा निवण्यास लागतो तेवढ्या वेळात. शेवटचे वाक्य छापलेलेच होते, ‘वाचून दाखविले, समजले, मान्य आहे’. तिने अंगठा उठविला. खाली तिची ओळख पटविणारे म्हणून आम्ही सही केली. तिच्या बांधापलीकडच्या दोघांनी अंगठा दिला नाही, ते न्यायालयात गेले, आणि काही वर्षांनी त्यांना तिच्यापेक्षा पुष्कळ अधिक मिळाले. कायद्याने आमचे काहीच चुकले नव्हते. तिची संमती स्वेच्छेची होती असे कोणतेही न्यायालय म्हणेल, कारण तसे आमच्याच सहीने लिहिलेले आहे.

या मुलखात संमती नेहमी कोणी तरी दुसऱ्याच्या वतीने दिलेली आहे. पोर्तुगीज सरकारने १९१९ च्या शेतजमीन-व्यवस्थेखाली ‘आल्वारा’ नावाचे पट्टे दिले, त्यांत जमीन लागवडीस आणण्याची अट होती. पट्टेदारांनी ती राज्याशी स्वखुशीने मान्य केली. १९७४ साली, ती पाळली नाही म्हणून, जिल्हाधिकाऱ्यांनी असे काही पट्टे रद्द केले. पट्टेदार म्हणाले, पोर्तुगीजांनी इतकी वर्षे हरकत घेतली नाही, म्हणजे अट सोडून दिली. पन्नास वर्षे वाद चालून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या मौनाने अट सुटत नाही. इंग्रजांच्या मौनाने सरंजामदार राजा झाला, पण पोर्तुगीजांच्या मौनाने पट्टेदार मालक झाला नाही. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही निकाल आम्हांस बरोबर वाटतात. पण त्या सनदांत, तहांत, पट्ट्यांत किंवा विलीनीकरणाच्या करारात वारली माणसाची सही शोधू गेल्यास ती सापडत नाही.

भाच्याची नोटीस आम्ही बाजूस ठेवली आणि बाईस बोलाविले. तिने पदराखालून घरकुल योजनेचे हमीपत्र काढले, आणि उजवा हात मुठीत मिटूनच ठेवला. ती आम्हांस एकेरी संबोधिते. तिच्या बोलीत तीच रीत. त्या वेळी तू फार घाईने वाचलेस, आज सावकाश वाच, अशा अर्थाचे ती बोलली. त्यात राग नव्हता.

आम्ही एकेक कलम वाचू लागलो. जेथे आमची वारली अडखळे तेथे भाचा, कारखान्यातील सोबत्यांकडून शिकलेल्या शब्दांनी, मदत करी. पाऊण तास गेला. सातव्या कलमात होते: शासन वेळोवेळी ठरवील त्या सर्व अटी लाभार्थीस मान्य राहतील. तिने विचारले, कोणत्या अटी?

आम्ही भाच्याकडे पाहिले, भाच्याने आमच्याकडे. इतक्या वर्षांच्या वकिलीत हे वाक्य आम्ही शेकडो कागदांवर पाहिले असेल. आम्ही तिला सांगितले की हे आम्हांस ठाऊक नाही. उद्या कचेरीत जाऊन विचारून येतो, आणि उत्तर मिळाल्यास लेखी आणतो. तिने कागद घडी घालून परत पदराखाली ठेवला. शेवटची बस निघून गेली होती. भाच्याने तिला आपल्या गाडीने खानवेलपर्यंत सोडले. त्याची नोटीस आमच्या टेबलावरच राहिली.