दस्तुर खुद्द

बाबा रिटायर झाले त्या आठवड्यात मी त्यांना व्हॉट्सॲपवर एक एक्सेल शीट पाठवली. छंदांची. कॉलम होते : छंद, महिन्याचा खर्च, घरापासून अंतर, गुडघ्यांना झेपेल का, आईला सोबत नेता येईल का. हास्यक्लब, गच्चीवरचे टोमॅटो, हार्मोनियम, सुडोकू, पक्षी बघणं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रश्न दिसला की त्याचं तिकीट काढायचं आणि शक्य तितक्या लवकर क्लोज करायचं, ही सवय घरीही सुटत नाही.

बाबांचा तिकिटांशी संबंध वेगळा. आधी एसटीत कंडक्टर, मग सातारा जिल्ह्यातल्या एका स्टँडवर वाहतूक नियंत्रक. माइकवरून गाड्या पुकारायच्या, लॉगशीट भरायची, गाडी उशिरा आली की लोकांच्या शिव्या खायच्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी हार, शाल, नारळ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच नाही.

हास्यक्लब दोन दिवस चालला. "हसायला झालंय काय, ते तरी कळू दे," म्हणून बाबा परत आले. टोमॅटो माकडांनी खाल्ले. सेकंडहँड हार्मोनियमवर आता आई इस्त्रीचे कपडे ठेवते. सुडोकू त्यांनी एका दुपारी शिकून घेतलं, मग म्हणाले, "हे सुटलं, पुढे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शीटमध्ये 'पुढे?' हा कॉलमच नव्हता.

दिवाळीच्या आधी आईचा फोन आला. बाबा रोज साडेनऊला डबा न घेता निघतात आणि स्टँडवर बाकावर जाऊन बसतात. कुणी विचारलं तर गाडीची वेळ सांगतात. एकदा नवीन नियंत्रक बाहेर येऊन अगदी आदराने म्हणाला, "साहेब, चहा घ्या आमच्यासोबत, पण गाड्यांचं आम्ही बघतो." त्या दिवशी बाबा अकरालाच घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. हे ऐकल्यावर मला माझ्या शीटची लाज वाटली. आयुष्यभर वेळ पाळलेल्या माणसाला मी वेळ कसा घालवायचा ते शिकवत होतो.

मोडी आमच्या घरात आली ती छंद म्हणून नाही. गावाकडच्या घराची कौलं उतरवताना काकांना माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली. त्यात कागद. सगळे मोडीत, म्हणजे आमच्या दृष्टीने मुंग्यांची रांग. काकांना एकाच कागदात रस होता : पाणंदीकडच्या शेताच्या. आमच्या घरात तीन पिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी, की बाबांचे आजोबा अडाणी होते, भाऊबंदांनी त्यांचा अंगठा घेतला आणि शेत लाटलं. त्या घराशी आमचं जाणं-येणं नाही. लग्नाच्या पत्रिका जातात, माणसं जात नाहीत. माझ्या मुंजीतही त्यांच्यातलं कुणी आलं नव्हतं म्हणे.

बाबा कागदांचे फोटो घेऊन शहरातल्या एका ग्रंथालयात गेले. तिथे मोडी वाचणाऱ्या एक मॅडम आहेत, माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठ्या. 2023 मध्ये जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हापासून मोडी जाणणाऱ्यांना उसंत नाही. त्या म्हणाल्या, "वाचून देईन, पण रांग मोठी आहे. त्यापेक्षा वर्गाला या. सोमवारी आणि गुरुवारी." वर्गात एक निवृत्त तलाठी, बँकेतून बाहेर पडलेले एक जण, इतिहासाची दोन पोरं आणि एक आजी होत्या. आजींच्या माहेरचे कागदही असेच पडून होते.

मोडीची गंमत मला बाबांनी फोनवर सांगितली, अर्धा तास. इतका वेळ ते माझ्याशी फोनवर कधीच बोलले नव्हते. आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग अक्षरं तिला खाली टांगत जायची. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, पूर्णविराम नाही, म्हणजे शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. शाळेत शुद्धलेखनाचे मार्क गेलेले बाबा यावर बेहद्द खूश होते. छपाई बालबोधीत गेली तरी सरकारी आणि घरगुती लिखाणात मोडी 1950च्या आसपासपर्यंत टिकली, म्हणून तर एवढे कागद साठलेत. एकट्या पुण्याच्या पेशवे दफ्तरात ते कोट्यवधी आहेत. आकडे देवनागरीच्या जवळचे, त्यामुळे ते बाबांना पहिल्याच दिवशी लागले. कंडक्टर होते शेवटी.

'लागणं' हा त्यांचा नवा शब्द. अक्षर लागतं किंवा लागत नाही. आणि मॅडमचा एक कडक नियम : शब्द लागला नाही तर तिथे टिंबं द्यायची, अंदाज ठोकायचा नाही. बाबांच्या वहीत लाल पेनाच्या खुणा पाहून मला हसू आलं, मग आलं नाही. एकोणसाठाव्या वर्षी माणूस गृहपाठ दुरुस्त करून परत दाखवत होता. आईचं मत व्यवहारी आहे. "आठवड्यात दोन दिवस तरी घर माझं असतं."

मी मदत करायला गेलोच. म्हटलं, मोडीला 2014 पासून युनिकोडमध्ये जागा आहे, कागदांचे फोटो गोळा करू, मॉडेल ट्रेन करतो, फोन धरला की मजकूर समोर. बाबांनी सगळं नीट ऐकलं. मग विचारलं, "आणि मग मी काय करू?"

वाद घालायचा नव्हता असं नाही. मशीनने वाचलं तर लाखो कागद उजेडात येतील, हे मला अजूनही पटतं. पण तेव्हा मी लॅपटॉप बंद केला.

त्याऐवजी त्यांना गो. स. सरदेसाईंबद्दल वाचायला दिलं. रियासतकार बडोद्याच्या गायकवाडांच्या नोकरीतून साठीच्या सुमारास निवृत्त झाले, कामशेतला येऊन राहिले आणि नंतर पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड संपादित केले. बाबा म्हणाले, "पंचेचाळीस!" आणि स्वतःच्या वहीकडे बघितलं. तिच्यात तोवर साडेसहा पानं झाली होती.

शेताचा कागद लागायला पाच महिने गेले. मधल्या काळात घरी जाईन तेव्हा बाबा खिडकीशी भिंग घेऊन बसलेले असायचे. तो कागद खरेदीखताचा कच्चा मसुदा निघाला, सन 1926चा, खाडाखोड केलेला. पाणंदीकडचं शेत 225 रुपयांना दिल्याचा. मागच्या बाजूला त्याच हाताने मांडलेला हिशोब : वाण्याचं देणं 90, मुलीच्या लग्नाला 80, बैल 45. उरलेल्या दहा रुपयांपुढचा शब्द लागत नाही. आणि मसुद्याच्या शेवटी बाबांच्या आजोबांचं नाव, पुढे 'दस्तुर खुद्द'. म्हणजे स्वतःच्या हाताने लिहिलेलं.

ज्यांना आम्ही अडाणी म्हणत होतो, त्यांना लिहिता येत होतं. आमच्यापैकी कुणालाच न येणारं.

बाबांनी त्यांना पाहिलेलंही नाही. फोटो नाही. ते मला फोनवर म्हणाले, "त्यांचा लग्नातला लकार माझ्यासारखाच वाकडा आहे." मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

काकांनी मात्र उडवून लावलं. "मोडी तू काल शिकलास. चुकीचं वाचलंस." यात तथ्य होतंच, म्हणून बाबा कागद घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, मजकूर तोच राहिला. दहा रुपयांचा शब्द त्यांनाही लागला नाही. तरी काका बोलेनात. इतक्या वर्षांचं भांडण हातातून काढून घेतल्यावर माणसाने काय करायचं, हा प्रश्नही बाबांनीच मला विचारला.

परवा शनिवारी घरी गेलो तेव्हा टेबलावर बालबोधीत उतरवलेली प्रत होती, चार झेरॉक्स काढून. दहा आकड्यापुढे सरळ एका ओळीत टिंबं.

"उद्या मोकळा आहेस?" बाबांनी विचारलं.

"आहे. काकांकडे जायचंय?"

"त्यांच्याकडे नाही. पलीकडच्या घरी."

मी म्हटलं, कार काढतो.

"नको," बाबा म्हणाले, "साडेसातची गाडी आहे. वेळेत सुटते ती."