गालिच्यावरील डाग

वकिलीच्या व्यवसायात माणसाला एक खोड जडते. काही बिघडले की ते सुधारण्याआधी ते कोणी बिघडवले, हे ठरविण्याची त्याला घाई होते. न्यायालयात या खोडीवर पोट भरते. घरात मात्र तीच अंगाशी येते. माझ्या अंगाशी ती आली गेल्या नाताळात, आणि तिची खूण आमच्या दिवाणखान्यातील गालिच्यावर अजून आहे.

आमचे घर मडगावात. शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ राहतात. माझ्या वडिलांचा आणि त्यांचा स्नेह पन्नास वर्षांचा. चवथीला आमच्याकडच्या नेवऱ्या त्यांच्या घरी जातात आणि नाताळात दोदोल, बेबिंका व पोर्ट वाइनची एक बाटली त्यांच्याकडून येते. वर्षातून त्या एकाच संध्याकाळी बाबा मित्राच्या मानाखातर दोन घोट घेतात. गालिचाही बाबांचाच. १९८४ साली काशीयात्रेहून परतताना त्यांनी तो मिर्झापुरास घेतला. शुद्ध लोकरीचा, फिकट बदामी रंगाचा. परतीच्या प्रवासात त्यांनी तो उशाखाली घेतला होता, असे आई सांगत असे.

त्या संध्याकाळी शेजारी नुकतेच उठून गेले होते. मी आतल्या खोलीत कागदपत्रे चाळीत बसलो होतो. बाहेर पेला पडल्याचा आवाज झाला म्हणून आलो, तो गालिच्याच्या मधोमध वीतभर तांबडा डाग पसरत चाललेला. जवळ बाबा आणि माझा बारा वर्षांचा मुलगा.

“कोणी सांडली?” मी विचारले.

मुलगा आजोबांकडे पाहून गप्प राहिला. मी ते मौन म्हणजे कबुली मानली. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदातील तत्त्व मी कोर्टात कितीदा तरी मांडले असेल. घरी मला त्याची आठवण झाली नाही. चार-पाच मिनिटे मी त्या पोराला फैलावर घेतले. शेवटी बाबाच म्हणाले, “त्याला बोलू नकोस. माझा हात हलतो हल्ली.”

बाबा गेले कित्येक महिने चहा अर्धा कपच का मागत, सही करताना मनगट टेबलाला का टेकवीत, ते तेव्हा माझ्या ध्यानात आले. मुलाला ते पूर्वीच ठाऊक होते, आणि आजोबांचे गुपित तो सांभाळीत होता.

एवढ्यात पत्नी बाहेर आली. “उलटतपासणी मागाहून करा. आधी बाजूला सरा,” एवढेच म्हणून ती गुडघ्यांवर बसली. हातात बाबांच्या जुन्या धोतराचे तुकडे होते. कापड पांढरेच हवे; रंगीत असले तर त्याचाच रंग गालिच्याला लागायचा. तिने एक घडी डागावर ठेवून तळहाताने दाबली, उचलली, कोरडी बाजू फिरवून पुन्हा दाबली. चोळले मात्र एकदाही नाही. चोळल्याने रंग लोकरीच्या मुळाशी उतरतो आणि डाग रुंदावतो. म्हणून कडेकडून मध्याकडे यायचे, चमच्या-चमच्याने थंड पाणी घालायचे आणि लगेच टिपून घ्यायचे. गरम पाणी घालायचे नाही. त्याने डाग पक्का होतो. पोर्टमध्ये साखर पुष्कळ असते. ती तंतूंत राहिली तर चिकटपणामुळे धूळ धरते आणि गेलेला डाग महिन्याभराने काळा होऊन पुन्हा दिसू लागतो.

अपराधाची भरपाई करावी म्हणून मी उत्साहाने खाण्याचा सोडा आणून शिंपडला. पाहता पाहता तांबड्याचे निळसर राखाडी झाले! मी हबकलो. पत्नी म्हणाली, “जांभळाच्या डागाला साबण लावलात तर हेच होतं.” तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. द्राक्षाच्या सालीत, जांभळात, आपल्या भिरंडीच्या सोलांत अँथोसायनिन नावाची एकाच कुळातली रंगद्रव्ये असतात. आंबटात ती लाल राहतात, क्षारात निळसर होतात. हळदीच्या डागाला साबण लावताच तो लाल होतो, हाही याच जातीचा खेळ, रंगद्रव्य तेवढे निराळे. त्यातून लोकरीला क्षार मानवत नाही; सौम्य आंबट चालते. तेव्हा सोडा टिपून काढला आणि एक भाग व्हिनेगर, दोन भाग थंड पाणी व लोकरीचे कपडे धुण्याच्या द्रवाचे चार थेंब असे मिश्रण केले. व्हिनेगर बाजारचे, पाण्यासारखे स्वच्छ घेतले. घरचे माडाच्या सुरेचे पिवळसर होते. गालिच्याच्या दडलेल्या कोपऱ्यावर आधी थेंब टाकून पाहिला. रंग उतरत नाही अशी खात्री झाल्यावरच ते डागावर घातले, टिपले, पुन्हा घातले.

बातमी शेजारी गेली आणि सल्ले आले. मीठ टाका, पण मीठ ओल शोषते, रंग मोडत नाही. पांढरी वाइन ओता; तिने तांबडी पातळ होते, इतकेच, आणि ते काम पाणीही करते. हायड्रोजन पेरॉक्साइडचे तीन टक्क्यांचे द्रावण कृत्रिम धाग्याच्या फिकट गालिच्यावर गुण देते खरे, परंतु रंगवलेल्या लोकरीवर ते डागाबरोबर मूळ रंगही नेते. क्लोरीनचे ब्लीच तर लोकरच खाऊन टाकते.

शेवटी स्वच्छ पाण्याने दोनदा टिपून त्यावर धोतराची जाड घडी ठेवली, वर प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर माझे कायद्याचे तीन जाडजूड ग्रंथ. तळाशी उरलेली ओल सुकताना रंग घेऊन वर येते. ती घडीने शोषावी, हा हेतू. सकाळी घडीवर गुलाबी छटा उतरली होती. डिसेंबर असल्याने पंख्याखाली गालिचा दिवसभरात वाळला. पावसाळा असता तर बुरशी धरली असती.

डाग जवळजवळ गेला. जवळजवळ, पूर्ण नव्हे. उजेड तिरपा पडला की तळहाताएवढी एक फिकी सावली दिसते. पहिली पाच मिनिटे सर्वांत मोलाची असतात. ती मी उलटतपासणीत घालविली होती.

दुसऱ्या आठवड्यात बाबांना डॉक्टरांकडे नेले. कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्या चालू आहेत. बाबांचा चहा आता कानाच्या रुंद पेल्यात येतो आणि तो नातू आणून देतो. मुलाची मी क्षमा मागितली. तो म्हणाला, “आजोबांनी सांगू नको म्हटलं होतं.” वकील म्हणून अशिलाचे गुपित मी व्यवसायाने पाळतो. त्याने ते कोणी न शिकविता पाळले, आणि वर माझा मारा सोसला.

डागावर टीपॉय सरकवावा, असे मी एकदा सुचविले. बाबा म्हणाले, “राहू दे. गालिचा वापरण्यासाठीच घेतला होता.” तो तसाच आहे. कधी एखादा पाहुणा ती सावली पाहून विचारतो, “हे कोणी सांडलं?” मी उत्तर देत नाही.